जिवंत संग्रहालयात जिवंत काय असतं?

मंडळी, आपल्याकडे गावजीवनाचं संग्रहालय म्हटलं की कोल्हापूरजवळचा कणेरी मठ आठवतो. तिथल्या सिद्धगिरी म्युझियममध्ये बारा बलुतेदार सिमेंटच्या पुतळ्यांतून उभे केलेत. पुतळे इतके हुबेहूब की पोरं दचकतात. पण लोहाराचा घाव ऐरणीवर पडत नाही.

आता दुसरा प्रकार बघा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९७६ साली ‘ओल्ड वर्ल्ड विस्कॉन्सिन’ सुरू झालं. जर्मन भागांतून तिकडे गेलेल्या शेतकऱ्यांची जुनी घरं मूळ जागेवरून उकलून आणली आणि तिथे पुन्हा उभी केली. कोपसेल नावाच्या सुतारानं १८५८ मध्ये बांधलेलं घर त्यांत आहे, पण ते दाखवतात १८८० सालातलं. म्हणजे त्या अंगणात कायम १८८०च चालू! त्या काळचे कपडे घातलेली माणसं चुलीवर खरोखर रांधतात, परसात भाजी लावतात. म्हणून त्याला जिवंत म्हणायचं.

पण कितपत जिवंत? हायडेगरनं १९५१ च्या डार्मश्टाटच्या व्याख्यानात ब्लॅक फॉरेस्टमधल्या शेतघराचं उदाहरण दिलंय. दक्षिणेकडे तोंड केलेला, वाऱ्यापासून आडोशाचा डोंगरउतार, जवळ झरा, बर्फाचा भार पेलणारं छप्पर. आत बाळंतिणीची जागा आणि शवपेटीचीही. राहण्याच्या रीतीतून घर घडतं, असं त्याचं म्हणणं. (पुन्हा तशीच घरं बांधा, असं मात्र तो म्हणत नाही. हे लोक विसरतात.) संग्रहालयात घर येतं, रांधणंही येतं. पीक बुडण्याची धास्ती येत नाही. संध्याकाळी १८८० मधली मंडळी मोटारीत बसून घरी जातात. तरी पुतळ्यापेक्षा हे मला मोलाचं वाटतं, कारण तिथे काम करणारा हात दिसतो.

हे पावण्यात मुद्दाम सांगतोय. या ठाणे-बेलापूर पट्ट्यात भाताची खाचरं आणि मिठागरं गेली, एमआयडीसी आली. उद्या कुणी म्हणालं, एक आगरी घर जपू या, तर जातं मिळेल, उखळ मिळेल. पण उधाणाचं पाणी कुठून घुसतं, बांध कुठे फुटतो, उघाडी केव्हा उघडायची, हे जातं सांगणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत. घर काय, दहा वर्षांनीही बांधता येईल. आधी या आजी-आजोबांकडून कामं करवून घ्या आणि चित्रीकरण करा. नुसती मुलाखत नको, हात दिसले पाहिजेत. आणि मोबाइल आडवा धरा.