समुद्रावरील दोन वह्या

दिवाळीच्या चोपडापूजनाला लालबागच्या धान्यपेढीपासून झवेरी बाजारातील गादीपर्यंत सर्वत्र नव्या वहीच्या पहिल्या पानावर आधी ‘शुभ’ आणि मग ‘लाभ’ लिहिले जाते. या क्रमाचा अर्थ समजावणारी एक घटना पेढीवर नव्हे, तर भर समुद्रात घडली. तिचा एक धागा थेट मुंबईशी जोडलेला आहे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी. मुंबई आणि आखाती बंदरांच्या मार्गावर काम करीत असताना त्यांनी कुलाब्यात सागवानाची बत्तीस फुटी शिडाची नौका बांधून घेतली. येथील सुतारांनी परंपरागत हत्यारांनी घडवलेल्या त्या नौकेला आखातातील वाऱ्याचे ‘सुहैली’ हे नाव मिळाले. डिसेंबर १९६५ मध्ये तिने मुंबई सोडली.

१९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ वृत्तपत्राने एक स्पर्धा जाहीर केली. कोठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची. प्रथम येणाऱ्यास सोन्याचा गोल आणि सर्वांत कमी दिवसांत येणाऱ्यास पाच हजार पौंड मिळणार होते. नऊ जण निघाले. त्यांपैकी तिघांच्या कथा व्यापारी कुटुंबाने जाणून घ्याव्यात अशा आहेत.

पहिली कथा फ्रान्सच्या बर्नार मोआतेसिए यांची. हेही व्यापाऱ्याचे पुत्र; बालपण व्हिएतनाममध्ये गेलेले. दक्षिण अमेरिकेचे टोक, केप हॉर्न, ओलांडून ते अटलांटिकमध्ये आले होते आणि वेगाचे पारितोषिक त्यांच्या हाती येईल असे दिसत होते. परंतु कीर्ती आणि पैसा यांपेक्षा मनाची शांती मोठी, असे ठरवून त्यांनी नौका वळवली आणि जून १९६९ मध्ये ते प्रशांत महासागरातील ताहिती बेटावर पोहोचले. पुढे काही वर्षे ते तुआमोतू द्वीपसमूहातील आहे नावाच्या लहानशा प्रवाळबेटावर कुटुंबासह राहिले. अशा बेटावर नदी नसते. पिण्याचे पाणी पावसाचे साठवलेले, उत्पन्न मुख्यतः सुक्या खोबऱ्याचे, आणि बाहेरचा माल जहाज येईल तेव्हा मिळणारा. मारवाड-गुजरातच्या घरांतील जुनी टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना थेंबाथेंबाचा तो हिशेब परका वाटणार नाही. त्या नापीक भूमीवर मोआतेसिए यांनी भाज्या आणि झाडे वाढवण्याचे प्रयोग केले. परिग्रहाला मर्यादा घालणे हे त्यांनी कोणत्याही शास्त्रातून घेतले नव्हते. पण वाट तीच होती.

दुसरी कथा वेदनादायक आहे. डोनाल्ड क्रोहर्स्ट हे इंग्लंडमधील लहान उद्योजक. धंदा अडचणीत, घरी पत्नी आणि चार मुले. मोहीम अर्ध्यावर सोडल्यास नौकेची किंमत स्वतः फेडावी लागेल, असा करार झालेला. नौका पुरती सज्ज नसताना ते निघाले. दक्षिणेचा खवळलेला समुद्र तिला पेलवणार नाही हे लवकरच उमगले. परतावे तर दिवाळे. तेव्हा त्यांनी अटलांटिकमध्येच फिरत राहून रेडिओवरून खोटी प्रगती कळवली. एका वहीत खरी नोंद, दुसरीत कल्पित प्रवासाची, अशा दोन वह्या सुरू झाल्या.

या खोट्या नोंदींची किंमत दुसऱ्यानेही मोजली. नायजेल टेटली हे स्पर्धक आपली मोडकळीस आलेली नौका क्रोहर्स्टच्या भीतीने ताणून चालवीत राहिले आणि मे १९६९ मध्ये ती बुडाली. ते स्वतः वाचले. आता क्रोहर्स्ट यांनाच पारितोषिक मिळणार आणि वही तपासली जाणार, हे स्पष्ट झाले. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका समुद्रात निर्मनुष्य सापडली. वह्या आत होत्या, माणूस नव्हता.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक ‘कूटलेखक्रिया’, म्हणजेच खोटा लेख तयार करणे. श्रावकाचा धंदा वहीवर चालतो, हे आचार्यांनी किती नेमके ओळखले होते!

तिसरी कथा ‘सुहैली’ची. न्यूझीलंड सोडल्यावर नॉक्स-जॉन्स्टन यांचा रेडिओ बंद पडलेला होता. प्रशांत महासागर ओलांडून केप हॉर्नला वळसा घातला तरी कित्येक महिने जगाला त्यांची वार्ता नव्हती. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ते इंग्लंडच्या फालमथ बंदरात परतले. एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले, आणि नौका मुंबईची! स्पर्धा पूर्ण करणारे तेच एकटे असल्याने दोन्ही पारितोषिके त्यांनाच मिळाली. त्यांपैकी पाच हजार पौंडांची रक्कम त्यांनी क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकली. पुढे मराठी नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी त्यांचे मार्गदर्शन घेतले आणि १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून मे २०१० मध्ये ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले.

क्रोहर्स्ट यांना दोष देणे सोपे आहे. परंतु तोटा घरी सांगण्याची लाज आपल्या पेढ्यांनाही अपरिचित नाही. आलोचना आणि प्रतिक्रमण यांचे व्यवहारातील मोल येथेच आहे: चूक लहान असतानाच उच्चारता यावी. त्यासाठी सांगणाऱ्याला धैर्य हवे, तसे ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही. ‘धंदा बुडाला तरी चालेल, तू घरी ये’ एवढे वाक्य ज्या घरात मुलाला ऐकू येते, त्या घरात दुसरी वही उघडावी लागत नाही.