किनाऱ्यावरच्या आपल्या मोहल्ल्यात नेमकी माणसं किती?

कोकण किनाऱ्यावरच्या कुठल्याही लहान मोहल्ल्यात जाऊन विचारा, इथं वस्ती किती? उत्तरं तीन मिळतील. जमातीची वही एक आकडा सांगते, मतदार यादी दुसरा आणि सरकारी जनगणना तिसरा. पण दवाखाना, ग्रामपंचायत, इतकंच काय, समुद्रालगत घर बांधायची परवानगी, या सगळ्यासाठी धरला जातो तो जनगणनेचा आकडा. २०२७ ची जनगणना ठरलेली आहे, म्हणून हा हिशेब आपण समजून घेऊ या.

वही घर मोजते, जनगणना माणूस

जमातीच्या वहीत घर मोजलं जातं. माणूस मुंब्र्याला असो, कुवेतला असो की केप टाऊनला, वर्गणी येते तोवर त्याचं घर वहीत राहतं. बाहेर जाणं आपल्याला नवं नाही. आदिलशाहीच्या काळात दाभोळ बंदरातून हजची जहाजं सुटत. पुढे आपली माणसं जहाजांवर खलाशी म्हणून गेली, मग मुंबईला आणि आखाती देशांत.

जनगणना मात्र हजर माणूस मोजते. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी हा मोजणीचा काळ होता. त्या वीस दिवसांत जो गावच्या घरी आलाच नाही, त्याचं नाव तिथं लागलं नाही. मुंबईकर मुंबईत मोजला गेला आणि परदेशातला कुठेच नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली, म्हणजे ८१ हजारांहून जास्त माणसं कमी. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष बाहेर.

आकडा कमी झाला की काय होतं?

ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर ठरतात. १,५०० पर्यंत ७, त्यापुढे ३,००० पर्यंत ९. डोंगराळ भागात आरोग्य उपकेंद्रासाठी ३,००० लोकसंख्येचा निकष आहे. छापील आकडा असतो तो महसुली गावाचा. मोहल्ला त्यात वेगळा दिसत नाही, पण मोहल्ल्यातलं एकेक सुटलेलं नाव गावाच्या बेरजेतून वजा होतं.

किनाऱ्यावरच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. २०१९ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत, म्हणजे सीआरझेडमध्ये, ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल, तर मंजूर आराखड्यानुसार भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई. वस्ती त्याहून विरळ असेल तर हीच मनाई २०० मीटरपर्यंत. मनाईच्या पट्ट्यात जुनं अधिकृत घर परवानगीनं दुरुस्त करता येतं, पण जोतं वाढवता येत नाही. मुलाचं लग्न झालं, दोन खोल्या वाढवाव्यात म्हटलं, की गोष्ट इथे अडते. घराला कुलूप लावून गेलेल्यांमुळे जो आकडा घटला, त्याचा भार मागे राहिलेल्यांवर पडतो तो असा.

या वेळी काय करायचं?

माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे आणि १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख आहे. अंदाज पाहता त्या वेळी रमजान सुरू असेल आणि ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. म्हणजे चाकरमानी ईदला गावी पोचतील तेव्हा मोजणी संपलेली असेल. त्यांनी आपण राहतो तिथेच नाव द्यावं. दोन्हीकडे नाव लावणं हा खोटेपणा आहे, तो कुणी करू नये.

पण जो खरंच गावात आहे, तो सुटता कामा नये. एकट्या राहणाऱ्या नानीचं दार बंद दिसलं म्हणून प्रगणक परत जाऊ नये. तान्हं बाळ, मागच्या खोलीतला भाडेकरू, मासेमारीच्या होडीवरून अधूनमधून घरी येणारा मुलगा, मदरशात राहणारी मुलं, यांची आठवण ठेवून नावं सांगा. रोज्याच्या दिवसांत दुपारी घरं शांत असतात. प्रगणक कधी येणार हे जमातीनं आधीच विचारून नमाजनंतर सांगितलं, तर कुणाचं दार बंद राहणार नाही.

माहिती द्यायला काही जण कचरतात. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ नुसार ही वैयक्तिक माहिती गुप्त राहते आणि ती कुणाविरुद्ध पुरावा म्हणून सर्वसाधारणपणे वापरता येत नाही. तेव्हा प्रगणक आला की बसायला खुर्ची द्या आणि घरातल्या सगळ्यांची नावं नीट सांगा. तो लिहून नेईल तो आकडा पुढची कित्येक वर्षं आपल्या गावाच्या नावापुढे राहणार आहे.