न्यायाधीश ते गुप्तहेरप्रमुख : रेशहरी

१९७९ च्या इस्लामी क्रांतीनंतरचा इराण समजून घ्यायचा असेल, तर क्रांतीचे नेते आयातोल्ला खोमेनींइतकाच मोहम्मद रेशहरींचा प्रवास वाचायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कोमच्या मदरशात शिकलेला हा मौलवी क्रांतीनंतर लष्करी क्रांती न्यायालयाचा न्यायाधीश झाला. नव्या राजवटीविरुद्धच्या १९८० च्या नोजेह लष्करी बंडाच्या कटातले अधिकारी त्याच्यासमोर उभे राहिले आणि अनेकांना मृत्युदंड झाला. १९८२ मध्ये सादेक गोत्बजादेहचा खटलाही त्यानेच चालवला. हा गोत्बजादेह पॅरिसहून खोमेनींच्याच विमानातून परतलेला, पुढे परराष्ट्रमंत्री झालेला माणूस! त्यालाही गोळ्या घातल्या गेल्या.

१९८४ मध्ये रेशहरी पहिले गुप्तचर मंत्री झाले. या पदावर मुज्तहिद, म्हणजे धर्मशास्त्राचा अधिकारी जाणकारच हवा, असा तिथला कायदा आहे. १९८८ मध्ये तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिली गेली, तेव्हा या खात्याचा प्रतिनिधी मृत्युदंड ठरवणाऱ्या समित्यांवर बसत होता. त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत काळा अध्याय हाच.

१९९७ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. विजयी उमेदवार खातमींना दोन कोटींवर मतं पडली, रेशहरींना जेमतेम साडेसात लाख. मार्च २०२२ मध्ये ते वारले. १९८८ च्या त्या फाशींबद्दल त्यांना कुठल्याही न्यायालयात जाब द्यावा लागला नाही.