अल्झायमर : मेंदूतील रक्षक पेशींची दुहेरी भूमिका

अल्झायमर या विकारात मेंदूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी रक्षकाचे, तर प्रसंगी भक्षकाचेही काम करतात. आरंभी त्या चेतापेशींभोवती साचणारे अमायलॉइड प्रथिन गिळून टाकतात. मात्र दाह दीर्घकाळ टिकल्यास चेतापेशींमधील जोडण्याच नष्ट होऊ लागतात आणि स्मृती क्षीण होते. या पेशींतील ‘ट्रेम २’ जनुकाच्या एका बदलामुळे विकाराचा धोका सुमारे तिपटीने वाढतो, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

पेशींवर ताण आल्यास ‘एचएसपी ७०’ सारखी ताण-प्रथिने बिघडलेल्या प्रथिनांची घडी सावरतात. हेच प्रथिन बाहेरून दिल्यास मायक्रोग्लिया अमायलॉइड अधिक वेगाने गिळतात, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. सरसकट दाह शमविणे म्हणूनच पुरेसे नाही. नॅप्रोक्सेनसारख्या दाहशामक औषधांच्या चाचण्यांतूनही विकाराला आळा बसल्याचे दिसले नाही.