ट्रक, गहू आणि प्राध्यापक

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी लष्कराचा अवाढव्य माल जगभर पडून होता. ट्रक, जीप, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, डबाबंद अन्न. हे सगळे मायदेशी न्यायचे तर खर्च डोईजड होता, आणि ज्या देशांत ते पडले होते त्यांच्याकडे विकत घ्यायला डॉलर नव्हते. आर्कान्सा राज्याचे तरुण सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये एक विधेयक मांडले. माल स्थानिक चलनात विकावा, पैसा त्याच देशात ठेवावा आणि त्यातून शिक्षक, संशोधक व विद्यार्थी यांची देवाणघेवाण करावी. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. आज सुमारे १६० देशांत चालणारी, चार लाखांहून अधिक माणसांना परदेशी वर्गांत, ग्रंथालयांत आणि प्रयोगशाळांत नेणारी फुलब्राइट योजना ती हीच.

फुलब्राइट स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकले होते. सिनेटमध्ये येण्याआधी ते आर्कान्सा विद्यापीठाचे अध्यक्ष होते. परक्या गावात राहून शिकण्याने माणूस किती बदलतो, हे त्यांनी अनुभवले होते. पण त्यांची खरी दूरदृष्टी दिसते ती कायद्याच्या रचनेत. पैसा सरकारचा, पण निवडीवर अंतिम देखरेख शिक्षणक्षेत्रातल्या जाणत्यांच्या स्वतंत्र मंडळाची, अशी वाटणी त्यांनी केली. प्रत्येक सहभागी देशाशी वेगळा करार करायचा आणि अनेक देशांत दोन्ही बाजूंचे सभासद असलेली संस्था उभारायची, ही पद्धतही तेव्हाच ठरली. या योजनेने जे काही दिले, ते या वाटणीमुळे दिले असे मला वाटते.

भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक जेमतेम आठवड्याचे असताना. भारताच्या वतीने पंडित नेहरूंनी आणि अमेरिकेच्या वतीने राजदूत लॉय हेंडरसन यांनी सही केली. सुरुवातीचा पैसा युद्धाच्या मालातूनच आला. पुढे त्यात गव्हाची भर पडली. १९५४ च्या ‘पीएल-४८०’ कायद्याखाली अमेरिका भारताला रुपयांत धान्य विकू लागली. रेशनच्या रांगेतला तो गहू आपल्याकडच्या जुन्या पिढीला चांगला आठवतो, आणि त्याच्यासोबत आले असे मानले जाते ते गाजरगवतही. त्या गव्हाच्या रुपयांचे पुढे काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांतला काही भाग शैक्षणिक देवाणघेवाणीवर खर्च झाला. १९६२ पासून अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तके घेऊन तिथल्या विद्यापीठांना पाठवली. त्यांत मराठी पुस्तके होती. परदेशी ग्रंथालयांतले मराठीचे कप्पे भरले, त्यात त्या गव्हाचा वाटा आहे.

या व्यवस्थेतून माणसे कशी गेली, त्याचे एक उदाहरण आपल्या अगदी शेजारचे आहे. ए. के. रामानुजन १९५० च्या दशकात बेळगावच्या लिंगराज कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि १९५९ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते इंडियाना विद्यापीठात गेले. नंतर शिकागो विद्यापीठात शिकवू लागले. कन्नड वचने, प्राचीन तमिळ कविता आणि लोककथा त्यांनी इंग्रजी वाचकांसमोर ठेवल्या. माथेरानला जन्मलेले गिरीश कर्नाड विद्यार्थिदशेपासून त्यांना ओळखत होते. १९८७-८८ मध्ये कर्नाड त्याच शिकागो विद्यापीठात फुलब्राइट नाटककार म्हणून गेले. रामानुजनांकडून ऐकलेल्या लोककथांवर उभे असलेले ‘नागमंडल’ त्या काळात घडले, आणि १९९३ मध्ये मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरने ते रंगमंचावर आणले. बेळगाव-धारवाडकडच्या एका मैत्रीला दोन शिष्यवृत्त्यांनी असे अंगण दिले. १९५९ मध्ये भाषाशास्त्राच्या एका अर्जावर विचार करणाऱ्या कोणाला हे दिसले असेल?

उलट दिशेचे उदाहरण याहून बोलके आहे. मिनियापोलिसला १९४१ मध्ये जन्मलेल्या गेल ऑम्वेट कार्लटन कॉलेजातून पदवी घेऊन १९६३ मध्ये फुलब्राइट योजनेखाली भारतात आल्या, त्या इंग्रजी शिकवायला. काही वर्षांनी पीएच.डी.च्या संशोधनासाठी त्या महाराष्ट्रात परतल्या. महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळ हा त्यांचा विषय. १९७३ मध्ये बर्कलेला सादर झालेला त्यांचा प्रबंध ब्राह्मणेतर चळवळीच्या अभ्यासात आजही पायाभूत मानला जातो. पुढे त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या झाल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या. पुणे विद्यापीठात फुले-आंबेडकर अध्यासनावर त्यांनी काम केले, स्त्रियांच्या आणि दुष्काळग्रस्तांच्या चळवळींत उतरल्या. २०२१ मध्ये कासेगावातच त्यांचे निधन झाले.

आता संस्थापकाकडे पुन्हा पाहू. फुलब्राइट यांनी १९५६ मध्ये शाळांतला वंशभेद टिकवू पाहणाऱ्या ‘सदर्न मॅनिफेस्टो’वर सही केली होती आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिले होते. त्यांच्या नावाच्या योजनेने आलेली मुलगी मात्र जातिअंताच्या चळवळीची अभ्यासक आणि कार्यकर्ती झाली. संस्थापकाच्या मर्यादा योजनेला बांधून ठेवू शकल्या नाहीत, कारण कोणी काय अभ्यासावे आणि कोणत्या निष्कर्षाला यावे, हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी सिनेटमधून उघड विरोध केला, तो मात्र त्यांच्या कारकिर्दीचा उजळ भाग.

आज महाराष्ट्रातला एखादा प्राध्यापक या वाटेने जायचे ठरवतो तेव्हा त्याला काय करावे लागते? अर्ज ‘युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन’कडे जातो. २००८ च्या नव्या करारानंतर भारत सरकार खर्चात बरोबरीचे भागीदार झाले आणि शिष्यवृत्त्यांना ‘फुलब्राइट-नेहरू’ हे नाव मिळाले. प्राध्यापकांसाठीच्या शिष्यवृत्तीत शिकवणे, संशोधन किंवा दोन्ही करता येते. प्रकल्पाचा आराखडा लिहायचा, यजमान विद्यापीठाचे निमंत्रणपत्र मिळवायचे, संस्थेची संमती घ्यायची, मुलाखत द्यायची. व्हिसा जे-१ वर्गाचा असतो, आणि अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी अर्ज करण्यापूर्वी दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट सहसा त्याला जोडलेली असते. रामानुजन आणि ऑम्वेट परक्या भूमीवरच रमले, पण योजनेचा मूळ हेतू परत येणाऱ्या शिक्षकावर भिस्त ठेवणारा आहे.

परतणारा शिक्षक काय घेऊन येतो? तिथल्या वर्गात बहुधा शिक्षकच आपला अभ्यासक्रम आखतो, वाचनयादी ठरवतो, परीक्षा घेतो आणि गुण देतो. ठरलेल्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवून विद्यार्थ्यांशी एकेकट्याने बोलतो. आपल्या संलग्न महाविद्यालयांत अभ्यासक्रम अभ्यास मंडळाकडून येतो आणि परीक्षा विद्यापीठाची असते. आता स्वायत्त महाविद्यालये वाढत आहेत, तेव्हा स्वतः अभ्यासक्रम बांधण्याचा अनुभव असलेली माणसे आपल्याला हवी आहेत. शिवाय आपला प्राध्यापक तिथे रिकाम्या हाताने जात नाही. तुकाराम, फुले, आंबेडकर, सह्याद्रीतल्या वनस्पती, कोरडवाहू शेती, सहकार यांवरचे त्याचे ज्ञान तिथल्या विद्यार्थ्यांना दुसरीकडे सहज मिळत नाही.

म्हणून जून २०२५ मधली घटना गंभीर आहे. अमेरिकेतल्या फुलब्राइट मंडळाच्या जवळजवळ सर्व सदस्यांनी राजीनामे दिले. निवड झालेल्या अनेक अभ्यासकांची नावे सरकारने हस्तक्षेप करून नाकारली, हे त्यामागचे कारण त्यांनी सांगितले. पैसा देणाऱ्याने निवडही हाती घेतली, की या योजनेचे मर्म जाते. फुल्यांवर लिहिणारी संशोधक कोणत्याही सरकारच्या सोयीच्या यादीत बसली नसती.

अमेरिकेचे मंडळ आपल्या हाती नाही, आपली महाविद्यालये आहेत. रिक्त जागा आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुका यांमुळे एका प्राध्यापकाची रजा म्हणजे विभागाची ओढाताण, हे खरे आहे. तरीही ना हरकत प्रमाणपत्र वेळेवर द्यावे, बदली शिक्षकाची सोय करावी, आणि परतलेल्याला त्याच जुन्या वेळापत्रकात कोंबण्याऐवजी एक नवा अभ्यासक्रम घडवायला द्यावा. त्याने काय अभ्यासावे, हे कोणी ठरवू नये. त्याला निवडताना त्याच्या विषयाची समज पाहावी, आणि निवडल्यावर त्याच्यावर विश्वास ठेवावा. या योजनेची उत्तम फळे पैसे देणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडची निघाली आहेत. यापुढेही तशीच निघावीत असे वाटत असेल, तर हे स्वातंत्र्य दोन्ही देशांतल्या शिक्षकांनी मिळून राखायला हवे.