चुंबकाचा बांध

मंडळी, ‘काली’ नावाच्या गुप्त अस्त्राचे निरोप आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर आले असतील. काली म्हणजे किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं, इलेक्ट्रॉनांना वेग देणारं हे यंत्र. ‘काली-५०००’चा विद्युतदाब सुमारे १० लाख व्होल्ट, प्रवाह ४० हजार अँपिअर. गुणाकार केला की ४,००० कोटी वॅट! छाती दडपते. पण हा झटका टिकतो सेकंदाचा फार तर एक कोटीवा भाग. म्हणजे ऊर्जा होते ४,००० जूल. तेवढ्यात लिटरभर पाणी जेमतेम एक अंश तापेल. शक्ती आणि ऊर्जा यांची गल्लत झाली, की अफवेला पाय फुटतात.

अशा प्रचंड दाबाच्या यंत्रांतला खरा प्रश्न वेगळाच आहे. घरातल्या तारेवर प्लास्टिक असतं, म्हणून वीज आत राहते. इथे दोन धातूंच्या मध्ये निर्वात पोकळी असते. दाब इतका, की ऋण टोकाच्या धातूतून इलेक्ट्रॉन अक्षरशः उपटले जातात आणि समोरच्या धन टोकावर जाऊन आदळतात. आता पोकळीत बांध घालायचा कशाचा? उत्तर आहे, चुंबकाचा.

बैलगाडीच्या धावेला चिकटलेला चिखलाचा ठिपका आठवा. तो जमिनीवरून वर उचलला जातो, कमान करतो आणि थोडा पुढे पुन्हा जमिनीला टेकतो. विद्युतक्षेत्राला आडवं चुंबकक्षेत्र लावलं, की ऋण टोकावरून निघालेला इलेक्ट्रॉन असाच चालतो. समोर जायला निघतो, वळतो, परत येतो. आणि एकूण सरकतो तो बाजूला. ही कमान धन टोकापर्यंत पोचली नाही, की बांध टिकला. विद्युतक्षेत्र तेच ठेवून चुंबकक्षेत्र दुप्पट केलं, तर चाक पावपट होतं. या मर्यादेचा हिशेब अल्बर्ट हल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२१ साली मांडला.

अर्थात हा झाला एकट्या इलेक्ट्रॉनचा हिशेब. प्रत्यक्षात त्यांची गर्दी असते. ते एकमेकांना ढकलतात, आणि ऋण टोकाभोवती त्यांचा सरकता ढग तयार होतो. ढगात लाटा उठल्या, की बांध झिरपतो.

गंमत अशी, की हे झिरपणं माणसाने कामाला लावलं. आपल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या मॅग्नेट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन स्वतःची ऊर्जा लहरीला देत देत धन टोकाकडे सरकतात. ती लहर सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावते आणि भाजी गरम होते. तिथे बाहेरून चुंबक बसवलेले असतात. ‘मायलो’ नावाच्या महाशक्तिशाली जातभाईला तेही लागत नाहीत. त्यातून वाहणारा प्रवाहच बांध घालतो. ४० हजार अँपिअरचा सरळ प्रवाह पाच सेंटीमीटरवर पृथ्वीच्या सुमारे ४,००० पट चुंबकक्षेत्र निर्माण करतो.

आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. स्थिर चुंबकक्षेत्र इलेक्ट्रॉनला ऊर्जेची पैही देत नाही, पैही घेत नाही. ते फक्त त्याची दिशा बदलतं. देणारं असतं विद्युतक्षेत्र, घेणारी असते लहर. म्हणून मंडळी, पुढच्या वेळी अफाट वॅटचा आकडा समोर आला, की आपण दोनच गोष्टी विचारूया : ऊर्जा आली कुठून, आणि टिकली किती वेळ?