हान्स फ्रॉइडेन्थाल : बंद दाराआडचे अंकगणित

हान्स फ्रॉइडेन्थाल हे नाव दोन ठिकाणी घेतले जाते. संस्थितीशास्त्राच्या पुस्तकात त्यांच्या नावाचा सिद्धान्त आहे आणि नेदरलँड्समध्ये लहान मुलांना गणित शिकवण्याची एक अख्खी पद्धत त्यांच्या विचारांवर उभी राहिली. इतक्या वरच्या दर्जाचा संशोधक पहिलीच्या बेरजेत एवढा गुंततो, असे विसाव्या शतकात फारसे घडलेले नाही.

जन्म 1905 चा, जर्मनीतल्या लुकेनवाल्डे गावी, ज्यू कुटुंबात. बर्लिनला शिकत असताना तिथे व्याख्यानांसाठी आलेल्या ब्राउवर या डच गणितज्ञाशी त्यांची गाठ पडली. 1930 मध्ये ते ब्राउवर यांचे सहायक म्हणून ॲमस्टरडॅमला गेले आणि पुढे डचच झाले. दोन गोलांच्या मितींमधला फरक तोच ठेवून मिती वाढवत नेल्या, तर त्यांच्यातील प्रतिचित्रणांचे वर्गीकरण एका टप्प्यानंतर बदलेनासे होते, हा त्यांचा 1937 चा निष्कर्ष. पुढच्या पिढ्यांनी त्यावर केवढे तरी काम उभे केले.

1940 मध्ये जर्मन फौजा आल्या आणि ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठातून काढण्यात आले. पत्नी सुस लुटर ज्यू नव्हत्या, म्हणून छळछावणीत रवानगी टळली; पण 1944 मध्ये हावेल्टेच्या श्रमछावणीत जावे लागले. तिथून ते निसटले आणि युद्ध संपेपर्यंत लपून राहिले. याच काळात त्यांनी कादंबरी लिहिली. स्पर्धेत तिला बक्षीसही मिळाले, ते दुसऱ्याच्या नावावर. खरे नाव सांगण्याची सोय नव्हती.

माझ्या मते त्यांच्या आयुष्याचे वळण मात्र या काळातल्या वेगळ्याच गोष्टीत आहे. विद्यापीठाचे दार बंद झाल्यावर ते घरी आपल्या मुलांना अंकगणित शिकवू लागले आणि ते कसे शिकवावे यावर मिळेल ते वाचू लागले. मूल बेरीज करते तेव्हा त्याच्या डोक्यात काय चालते, हा प्रश्न त्यांना तिथे भेटला. तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

1946 मध्ये त्यांना युट्रेख्तला प्राध्यापकपद मिळाले. मुलाच्या डोक्यात काय चालते, हा प्रश्न तिथे इतरांनीही हाताळला : 1957 मध्ये व्हान हिले दाम्पत्याने भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडणारे प्रबंध याच विद्यापीठाला सादर केले. परग्रहावरच्या जिवांशी रेडिओ संकेतांनी बोलता यावे म्हणून फ्रॉइडेन्थाल यांनी ‘लिन्कोस’ ही भाषा रचली, 1960 मध्ये. सुरुवात साध्या संख्यांपासून, मग तर्क, मग काळ, मग माणसांचे वागणे. अगदी अनोळखी श्रोत्याला शून्यापासून कसे समजवावे, ही शिक्षकाचीच अडचण तिथेही आहे.

याच सुमारास ‘नवे गणित’ जोरात होते. स्पुटनिकनंतर अमेरिका आणि बोरबाकी या गणितज्ञांच्या गटाच्या प्रभावाखालचा फ्रान्स शाळकरी मुलांपुढे संच आणि संरचना ठेवू लागले. फ्रॉइडेन्थाल यांनी या लाटेला कडाडून विरोध केला. अमूर्त गणितात स्वतः मुरलेला माणूस हे म्हणत होता, म्हणून त्या विरोधाला वजन होते. त्यांचे म्हणणे असे : गणितज्ञ धडपडून, चुकतमाकत शेवटी व्याख्येपाशी पोहोचतो, शाळा मात्र मुलाला व्याख्येपासून सुरुवात करायला लावते. म्हणजे सगळा क्रमच उलटा. मुलाने गणित स्वतः शोधून काढावे आणि शिक्षकाने त्याला वाटेवर ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांचे प्रयोग आणि देशोदेशींच्या विद्यार्थ्यांची तुलना करणाऱ्या चाचण्या यांवरही त्यांनी सडकून टीका केली.

1971 मध्ये युट्रेख्तला गणितशिक्षणाची संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाली. तिथल्या धड्यांत मुले बस चालवत. थांब्यावर तीन चढले, दोन उतरले, आत किती उरले? अधिक आणि उणे या खुणा नंतर येत, गरज पडल्यावर. ही संस्था सरकारने 1981 मध्ये बंद केली, पण काम विद्यापीठातल्या लहान गटाने चालू ठेवले. या रीतीत हातची आकडेमोड कच्ची राहते, असा आक्षेप पुढे हॉलंडमध्येच जोराने घेतला गेला. तो आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सराव हवाच, पण अर्थ कळल्यावर केलेला सराव टिकतो, या बाबतीत मी फ्रॉइडेन्थाल यांच्या बाजूचा आहे.

ऑक्टोबर 1990 मध्ये युट्रेख्तच्या बागेत फिरायला गेले असताना त्यांचे निधन झाले. त्यांचा 1973 चा शिक्षणविषयक ग्रंथ जाडजूड आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी आधी चीनमधल्या त्यांच्या व्याख्यानांचे, 1991 मध्ये निघालेले पुस्तक हाती घ्यावे.